घरी बांधलेल्या गाडीतला ब्रेकचा लाल दिवा

डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला आहे. ही बातमी चांगली की वाईट? ब्रेकमध्ये बिघाड नाही म्हणून तो विझलेला असेल. पण बल्ब उडाला असेल, वायर सुटली असेल, फ्यूज गेला असेल, तरी तो अगदी तसाच विझलेला दिसेल. शोरूममधून घेतलेल्या गाडीत हा प्रश्न आपल्यापर्यंत पोचतच नाही, कारण कारखान्यात कुणीतरी तो आधीच सोडवून ठेवलेला असतो. चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात, विझतात आणि आपण निघतो. गाडी स्वतःच्या हातांनी बांधायला घेतली की मात्र तो प्रश्न आपल्यापुढे येऊन बसतो. मला तो इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका भाड्याच्या गॅरेजात भेटला. त्या एका दिव्यावर मी दोन शनिवार घालवले, आणि ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही.

आधी किट कार म्हणजे काय ते थोडक्यात. ब्रिटनमध्ये सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरी गाडी जोडायची जुनी रीत आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची बिनछपराची हलकी दोन सीटची गाडी आणली. ती सुट्या भागांत घेतली की तेव्हाचा खरेदी कर वाचायचा, म्हणून पुष्कळ लोक ती घरीच जोडत. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. करातली बचत गेली तरी हौस टिकली. आजही लोक चौकट आणि बॉडी नवी घेतात आणि इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग जुन्या फोर्ड सिएरामधून किंवा माझदा एमएक्स-५ मधून काढतात. ज्या गाडीचे भाग काढायचे तिला तिकडे 'डोनर' म्हणतात.

अशी गाडी रस्त्यावर आणायची तर ती एकटी तपासली जाते. १९९८ पासून त्यासाठी एसव्हीए नावाची चाचणी होती. २००९ मध्ये तिच्या जागी आयव्हीए आली. आपल्याकडे गाडीच्या एका मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासला जातो आणि मग त्या नमुन्याबरहुकूम हजारो गाड्या निघतात. किट कारमध्ये मात्र नमुनाही तीच आणि शेवटची गाडीही तीच. म्हणून तपासनीस प्रत्येक नट, प्रत्येक नळी, प्रत्येक दिवा स्वतः बघतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ब्रेक दाबल्यावर मागे लागतात त्या दिव्यांबद्दल हा लेख नाही. ते मागच्या गाडीसाठी असतात आणि पेडलजवळच्या स्विचवर चालतात. इथे बोलायचं आहे ते चालवणाऱ्याच्या समोरच्या लाल दिव्याबद्दल: वर्तुळात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंसासारख्या कमानी.

हा दिवा काय सांगतो ते कळायला ब्रेकच्या पोटात जावं लागतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो. त्याच्यापुढे ब्रेक ऑइल असतं. ते दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे तो दाब नळ्यांमधून थेट चाकापाशी पोचतो. तिथल्या कॅलिपरमधला, म्हणजे चिमट्यासारख्या भागातला, पिस्टन पॅडला चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळतो आणि गाडी थांबते. म्हणजे तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये फक्त एक द्रवाचा स्तंभ आहे. तो कुठे फुटला, गळला, तर पेडल सरळ फळीला टेकतं.

म्हणूनच गाड्यांमध्ये ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात. मास्टर सिलिंडर दिसायला एकच, पण आत एकामागे एक असे दोन पिस्टन. सेव्हनच्या धर्तीवरच्या गाड्यांत सहसा एक सर्किट पुढच्या दोन चाकांना जातं आणि दुसरं मागच्या दोन. एकाची नळी फुटली तर दुसरं गाडी थांबवतं. अंतर जास्त लागतं, पाय जास्त जोराने द्यावा लागतो, पण गाडी थांबते. वर ऑइलची जी प्लास्टिकची टाकी असते, तिच्या तळाशी मधोमध एक भिंत असते. एका बाजूचं ऑइल गळून गेलं तरी भिंतीपलीकडचं शिल्लक राहतं.

आता अडचण बघा. एक सर्किट हळूहळू गळतंय. रोजच्या हलक्या ब्रेकिंगमध्ये तुम्हाला फरक कळेलच असं नाही. आणि ज्या दिवशी समोर अचानक कुणी आलं त्या दिवशी अर्धेच ब्रेक हातात आहेत. लाल दिवा आहे तो या दिवसासाठी. गळती सुरू झाली हे त्याने, पेडल खाली जायच्या आत, आधीच सांगायचं.

हे सांगण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या एमजी आणि ट्रायम्फ गाड्यांत दाबाचा फरक ओळखणारा एक पितळी ठोकळा असे. त्यात एक लहान दांडी, तिच्या एका टोकाला पुढच्या सर्किटचा दाब आणि दुसऱ्या टोकाला मागच्या सर्किटचा. दोन्ही सारखे असेपर्यंत ती मधोमध उभी. एका बाजूचा दाब गेला की ती सरकते आणि स्विच दाबते. कल्पना फार सुंदर आहे. पण एकदा सरकलेली दांडी पुन्हा मध्यावर आणणं हे किचकट काम, आणि तिचे रबरी सील जुने झाले की तो ठोकळाच गळू लागतो. नव्याने गाडी बांधणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

दुसरा मार्ग साधा आहे. टाकीच्या झाकणाला खाली एक तरंगता फ्लोट लावलेला असतो. टाकी भरलेली असली की तो वर असतो आणि आतला स्विच उघडा राहतो, म्हणजे करंट जात नाही. ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली येतो, स्विच मिटतो, दिवा लागतो. सिएराचं झाकण हे असंच असतं, आणि डोनरमधून मास्टर सिलिंडर काढताना ते फेकून न देता त्याच्या प्लगसकट, वायरीच्या चार इंच तुकड्यासकट जपून ठेवावं. मागाहून तो प्लग शोधत भंगारवाल्यांकडे फिरणं नको.

पेडलवर दोन वेगळे मास्टर सिलिंडर आणि दोन वेगळ्या टाक्या बसवल्या असतील तर झाकणंही फ्लोटवाली दोन हवीत, आणि त्यांचे स्विच एकमेकांना समांतर जोडायचे. इथे चूक सहज होते. एकामागून एक अशी साखळी जोडली तर दोन्ही टाक्या रिकाम्या झाल्याशिवाय दिवा लागणारच नाही. तोवर सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

वायरिंग खरं तर चार तुकड्यांचं आहे. चावी चालू केल्यावर ज्या वायरीत करंट येतो, फ्यूजमधून गेलेली, तिथून एक वायर दिव्याच्या एका टोकाला. ब्रिटिश रंगपद्धतीत ही वायर हिरवी असते आणि अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूकडे परतणारी, काळी. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून वायर निघते आणि दोन फांद्या फुटतात. एक फांदी फ्लोटच्या स्विचकडे, तिथून अर्थला. दुसरी फांदी हँडब्रेकच्या स्विचकडे, तिथून अर्थला. दोन्हींपैकी कोणताही स्विच मिटला की दिव्याचा मार्ग पूर्ण होतो. दिव्याचा बल्ब १.२ वॉटचा धरला तर १२ व्होल्टला करंट फक्त ०.१ अँपिअर. त्यामुळे ०.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरून उरते. जाड वायर इथे फक्त वाकवायला त्रास देते.

आता सुरुवातीचा प्रश्न. मोटारींच्या ब्रेकबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १३-एच हा नियम आहे. त्यात या दिव्याबद्दल तीन गोष्टी मागितल्या आहेत: तो लाल असावा, दिवसाउजेडी दिसावा, आणि तो चालू स्थितीत आहे याची खात्री चालकाला आपल्या सीटवरून सहज करता यावी. या तिसऱ्या अटीत सगळं शहाणपण आहे. आयव्हीएचा तपासनीस सीटवर बसून हेच बघतो. काही झाकणांवर मधोमध रबरी बटण असतं, ते दाबलं की फ्लोट खाली जातो आणि दिवा लागतो. ते फार उपयोगी आहे. पण ते बॉनेटखाली आहे, सीटवरून तिथे हात पोचत नाही, म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

आपण आत्ता जोडलेल्या सर्किटने हा प्रश्न फुकटात सुटतो. दिवा हँडब्रेक आणि ऑइल या दोघांत सामाईक आहे. गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, दिवा लागला: बल्ब, फ्यूज आणि पुरवठा ठीक. निघताना हँडब्रेक सोडला, दिवा विझला: ऑइल पुरेसं. हँडब्रेक सोडूनही दिवा विझलाच नाही तर निघायचं नाही, बॉनेट उघडायचं. दर वेळी गाडी काढताना नकळत तपासणी होते. मला या व्यवस्थेचं आजही कौतुक वाटतं. एक बटण, एक रिले, एक चिपही जास्त न लावता दिव्याने स्वतःची हजेरी द्यायची.

काहींना दोन वेगळे दिवे हवे असतात: हँडब्रेकसाठी वर्तुळातला पी, आणि ऑइलसाठी उद्गारचिन्ह. दिसायला ते छान आणि वाचायला स्पष्ट. पण मग ऑइलचा दिवा वर्षानुवर्षं विझलेला राहतो आणि तो जिवंत आहे की नाही हे कळायची सोय जाते. त्यावर दोन उपाय. एक, डॅशबोर्डवर लहान तपासणी बटण, जे दाबलं की तो दिवा अर्थला जोडला जातो. दुसरा उपाय मला जास्त पटतो: एक डायोड. दुकानात १एन४००१ नावाने काही पेन्समध्ये मिळतो, १ अँपिअर सहन करतो, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पट. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. त्याच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते. ऑइलच्या दिव्याची अर्थकडची वायर आणि हँडब्रेकच्या दिव्याची अर्थकडची वायर यांच्यामध्ये तो बसवायचा, पट्टी हँडब्रेकच्या बाजूला. हँडब्रेक ओढला की दोन्ही दिवे लागतात, कारण ऑइलच्या दिव्याचा करंट डायोडमधून हँडब्रेकच्या स्विचला जातो. ऑइल कमी झालं की मात्र फक्त ऑइलचाच दिवा लागतो. उलट दिशेने डायोड वाट देत नाही. डायोड उलटा बसला तर नेमकं उलटं घडतं, म्हणून सोल्डर करण्याआधी क्लिपा लावून एकदा बघून घ्या.

माझे दोन शनिवार मात्र डायोडने खाल्ले नाहीत. ते अर्थिंगने खाल्ले. सिएराच्या हँडब्रेकच्या स्विचला एकच वायर असते. अर्थ त्याला स्वतःच्या धातूच्या पट्टीतून, गाडीच्या पत्र्यातून मिळतो. माझी चौकट पावडर कोटिंग करून आलेली, सुरेख काळी, चकचकीत. पावडर कोटिंग म्हणजे भाजून बसवलेलं प्लास्टिकच. त्यावर तुम्ही कितीही घट्ट बोल्ट आवळा, वीज काही पलीकडे जात नाही. पहिल्या शनिवारी मी बल्ब बदलला, स्विच बदलला, फ्यूज बदलला, आणि हँडब्रेक ओढला की दिवा कधी लागे, कधी नाही. दुसऱ्या शनिवारी मल्टिमीटर घेऊन स्विचची पट्टी आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यातला रोध मोजला, आणि मग डोक्यात उजेड पडला. फायबरग्लासच्या बॉडीत तर ही अडचण आणखी मोठी, कारण तिथे मुळात पत्राच नाही. उपाय एकच: प्रत्येक स्विचला स्वतःची काळी वायर द्यायची आणि त्या सगळ्या एका ठिकाणी, कोटिंग खरवडून चमकता धातू काढलेल्या बिंदूवर, दातेरी वॉशर घालून आवळायच्या. वरून थोडं ग्रीस, म्हणजे गंज धरत नाही. हे काम बॉडी चढवण्याआधी केलं तर दहा मिनिटांचं आहे.

आजकाल बहुतेक जण बल्बऐवजी एलईडी लावतात. चांगलंच आहे, तो फार काळ टिकतो. फक्त दोन गोष्टी. एलईडीला धन-ऋण असतं, बल्बला नसतं. उलटा जोडला तर लागत नाही. आणि एलईडी इतक्या थोड्या करंटवर उजळतो की झाकणाच्या प्लगमध्ये पावसाचा ओलावा शिरला तरी तो मंद तांबूस दिसू लागतो. अर्धवट पेटलेला धोक्याचा दिवा फार वाईट, कारण चारच दिवसांत माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. एलईडीला समांतर एक १ किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर जोडला की तो चुकार करंट त्यातून निघून जातो.

जागाही विचार करून निवडावी. बिनछपराच्या गाडीत ऊन थेट डॅशबोर्डवर पडतं, आणि चांगल्या उन्हात लहान लाल दिवा लागलाय की नाही हे कळत नाही. मी गाडी अंगणात काढून, दुपारी, सीटवर बसून, हात स्टिअरिंगवर ठेवून जागा ठरवली. स्टिअरिंगच्या कड्याआड दिवा लपतो का तेही तेव्हाच दिसलं. डॅशबोर्डला भोक पाडण्याआधी कागदाचा लाल ठिपका चिकटवून बघा.

टाकीजवळ आणखी एक छोटी अट असते: कोणतं ब्रेक ऑइल घालायचं त्याचं पुसलं न जाणारं चिन्ह, भरण्याच्या तोंडापासून १०० मिलिमीटरच्या आत. आणि टाकी पारदर्शक असावी, म्हणजे झाकण न उघडता पातळी दिसते. डोनरची जुनी टाकी पिवळी, गढूळ झालेली असेल तर नवी घ्या.

दिवा लागला म्हणजे गळतीच आहे असं नाही, आणि इथे पुष्कळ लोक चुकतात. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइलने भरते. ते ऑइल वरच्या टाकीतून गेलेलं असतं. हिशेब करून बघू. पिस्टनचा व्यास ५४ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड मिळून १६ मिलिमीटर झिजले तर एका चाकामागे सुमारे ३७ मिलिलिटर ऑइल खाली उतरतं, दोन चाकांमागे ७४. लहान टाकीत हे फार झालं. म्हणून दिवा लागताच बाटली उघडून ऑइल ओतायला धावू नका. आधी चारही चाकांशी वाकून ओल दिसते का बघा, मग पॅडची जाडी बघा. पॅड संपले असताना टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्याबरोबर ते ऑइल वरून सांडतं आणि रंग खाऊन टाकतं.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर तो बिघडलेला नाही. ऑइल टाकीत हिंदकळतंय आणि पातळी खालच्या रेषेच्या आसपास आली आहे. हा सगळ्यात लवकर मिळणारा इशारा.

दिवा काय सांगत नाही तेही माहीत हवं. मास्टर सिलिंडरचा आतला सील गेला तर पेडल पायाखाली हळूहळू बुडतं, पण ऑइल कुठेच बाहेर जात नाही. फ्लोट वरच, दिवा विझलेला. तसंच ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ते उकळलं तर नळीत वाफ होते, वाफ आकसते, पेडल मऊ पडतं. टाकी भरलेलीच, दिवा विझलेलाच. इथे पायाला कळणारं पेडलच खरं, आणि दर दोन वर्षांनी बदललेलं ऑइल.

आपल्याकडची फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणारी मुलंमुली याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतात. मुंबईच्या आयआयटीची रेसिंग टीम असो किंवा आणखी कुठली, त्यांच्या नियमांत पेडलच्या मागे एक स्विच सक्तीचा असतो. एक सर्किट गेलं आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं की ते त्या स्विचवर आदळतं आणि गाडी बंद पडते. पेडल पुन्हा वर आलं तरी चालक ती सीटवरून सुरू करू शकत नाही. ट्रॅकवर ते बरोबर आहे. रस्त्यावर, मागून ट्रक येत असताना, इंजिन आपोआप बंद पडणं हाच नवा धोका होईल, म्हणून तिथे दिवाच हवा. पण पेडल किती खोल गेलं यावरून आतल्या सीलचा बिघाडही पकडता येतो, जो फ्लोटला कधीच कळत नाही. कुणी किट कारमध्ये असा स्विच दुसऱ्या दिव्याला जोडला तर मला ते आवडेल.

शेवटी एक तपासणी, जी हँडब्रेकने होत नाही. हँडब्रेक ओढल्यावर दिवा लागला म्हणजे बल्ब आणि पुरवठा ठीक आहे एवढंच सिद्ध होतं. फ्लोटकडे जाणारी फांदी तुटलेली असू शकते. म्हणून वर्षातून दोनदा हे करतो: गाडी सपाट जागी, चाकांना अडसर, हँडब्रेक सोडलेला, चावी चालू. टाकीभोवती फडकं गुंडाळतो. झाकणावरची धूळ पुसतो, झाकण फिरवून सरळ वर उचलतो आणि टाकीवरच अधांतरी धरतो. फ्लोट आपल्या वजनाने खाली येतो, आणि दुसरं कुणीतरी सीटवरून ओरडतं, "लागला!" दोन टाक्या असतील तर दोन्ही झाकणं, पण एका वेळी एकच. मग झाकण परत घट्ट, प्लग ओढून बघायचा, आणि कुठे थेंब पडला असेल तर तो लगेच भरपूर पाण्याने धुवून टाकायचा.